मातीखालचे हात

१

बाबांना सकाळचा चहा द्यायचा, त्यांचं शिलाई मशीन पुसायचं आणि मग वर जाऊन उजेड असेपर्यंत चित्रं काढायची, असा धाकटीचा दिवस ठरलेला होता. बाबांनी शिवणकाम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मशीन पुसल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. खालची पुढची खोली म्हणजे त्यांचं जुनं दुकान. रस्त्याकडचं दार कायमचं बंद करून तिथंच त्यांनी पलंग टाकला होता. कापड बेतायचं लांब टेबल, उंच आरसा, कोपऱ्यात इस्त्री. गिऱ्हाइकं यायची थांबली तरी खडूचा आणि गरम कापडाचा वास काही त्या खोलीनं सोडला नव्हता.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. केस पिकायला लागले तरी नाव काही मोठं झालं नाही. ती वनस्पतींची चित्रं काढायची. सध्या डोंगरी फुलांच्या एका जाडजूड ग्रंथाचं काम चालू होतं. मजकूर ताईचा, चित्रं हिची. ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि दर उन्हाळ्यात डोंगरावर, जिथं झाडं संपतात त्याच्याही वर, एका दगडी खोपीत मुक्काम ठोकायची. बाबा म्हणायचे, "एक मुलगी गवतात राहते, दुसरी कागदात. चांगले कपडे शिवून घालू कुणाला?"

त्या वर्षी ताई ठरल्यापेक्षा फार लवकर उतरली, आणि आपल्या घरी न जाता थेट इथं आली. ना निरोप, ना फोन. दार वाजलं म्हणून धाकटीनं उघडलं, तर ताई बाहेर उभी. हातात एक लाकडी पेटी, बाकी काही नाही. एरवी ती डोंगरावरून रापून यायची, नाकाची सालं निघालेली असायची. या खेपेला तिला जणू उन्हाचा स्पर्शच झाला नव्हता. कातडी इतकी पांढरी आणि पातळ, की गालांखालून निळ्या शिरा दिसत होत्या.

आजारी होते, थोडे दिवस राहते, एवढंच ती म्हणाली.

बाबा पलंगावरून बघत होते. उभ्या जन्मात त्यांनी लोकांची मापं नजरेनं घेतली होती. ताई हात धुवायला आत गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "खांदे हिचे नाहीत."

"आजारपणात माणूस उतरतंच, बाबा."

"अंग उतरतं. हाड उतरत नाही."

मग ताई परत आली, त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. त्यानंतर बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

२

पेटीत गवताच्या ओल्या ढेकळासकट एक रोप होतं. डोंगरी आमरी, म्हणजे ऑर्किडच. फुलवाल्यांकडे मिळणारी ऑर्किडं बहुतेक झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. ही मात्र जमिनीतली. भाल्याच्या पात्यासारखी पानं, त्यांवर शाई झटकल्यासारखे गडद ठिपके, आणि मधोमध सरळ दांड्यावर जांभळट फुलांचं दाट कणीस. ग्रंथात हिचं चित्र राहिलं होतं आणि जिवंत नमुना मिळाल्यावर धाकटी खूश झाली.

ती वर काम करायची आणि काही अडलं की जिन्यात येऊन ताईला विचारायची. ताई दुकानातल्या पलंगाशेजारी गादीवर पडून उत्तरं द्यायची. तिच्यानं जिना चढवत नव्हता, म्हणून तिची सोय बाबांच्याच खोलीत केली होती. उत्तराकडचे उतार, ताई सांगायची. बर्फ वितळून जिथं पाणी झिरपत राहतं, पण साचत नाही, अशी जागा. गवत बुटकं हवं, आडोशाला दगड हवा. फुलाचा खालचा ओठ रुंद, त्यावर रेघांची नक्षी, आणि मागे एक पोकळ नळी. मधमाशी नक्षी बघून येते, नळीत मध असेल म्हणून सोंड घालते. आत काहीच नसतं. तोवर परागांची पुरचुंडी तिच्या डोक्याला चिकटलेली असते आणि ती बिचारी पुढच्या फुलाकडे जाऊन पुन्हा फसते.

बी धुळीसारखं असतं, त्यात स्वतःचं अन्न म्हणून काही नसतं. मातीतल्या एका जातीच्या बुरशीचे तंतू त्याला भेटले आणि आत शिरले, तरच ते जगतं. मग कितीतरी वर्षं ते जमिनीखालीच असतं. वरून बघणाऱ्याला तिथं काही आहे याचा पत्ता नसतो.

शेवटी कंदाचं चित्र राहिलं. धाकटीनं ढेकूळ बादलीत बुडवून माती हळूहळू सोडवली आणि तिचा हात थबकला. पुस्तकात तिनं हे पाहिलं होतं, पण बोटांना लागणं वेगळं. कंद म्हणजे मनगटाशी जोडलेले दोन पंजे. एक तपकिरी, सैल, काढून टाकलेल्या हातमोज्यासारखा. दुसरा पांढरा, लहान, बोटं नुकती फुटू लागलेला.

जुना पंजा यंदाचं रोप पोसतो, ताईनं खालून सांगितलं, आणि पोसता पोसता शेजारी नवा घडवतो. थंडी पडेपर्यंत जुना संपतो. पुढच्या साली उगवतं ते नव्यातून.

"म्हणजे रोप तेच असतं, की दुसरं?" धाकटीनं विचारलं.

खाली गादी सरकल्याचा आवाज झाला.

"तो प्रश्न आम्ही विचारत नाही," ताई म्हणाली.

आम्ही म्हणजे शास्त्रवाले, असं धाकटीनं धरलं, आणि ब्रश उचलला.

३

ताईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, इस्त्रीचा डाग होता. लहानपणी दुकानात धावताना तापलेल्या इस्त्रीवर हात पडला होता. टोकदार, होडीसारखा डाग. घरातल्यांनी त्याच्यावरून तिला चिडवून चिडवून तो तिच्या नावाइतकाच ओळखीचा करून ठेवला होता.

एका सकाळी धाकटी तिचे केस धुवून देत होती. ताईनं डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून हात कपाळाशी धरला होता, बाही मागे सरकली होती. धाकटी पाणी ओतता ओतता थांबली. डाग नव्हता. तिनं उजवा हात पाहिला, उगाच, आपलीच आठवण उलटी असेल म्हणून. तिथंही नव्हता.

"ताई, तुझा इस्त्रीचा डाग गं?"

"गेला असेल," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "जुने डाग विरतात."

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. लगेच तिनं स्वतःची समजूत घातली. आजारात कातडीचं काय काय होतं. कदाचित एखादं औषध लावलं असेल. पण दुपारी तिनं कॉलेजात फोन लावला. ताईची तब्येत बरी नाही, रजा वाढवावी लागेल, एवढं कळवायचं निमित्त. तिकडच्या कारकुनाला काही उमगेना. बाई तर अजून डोंगरावरच आहेत, तो म्हणाला. कालच वरून एक मेंढपाळ त्यांनी दिलेले नमुने घेऊन आला. बाई बऱ्याच थकलेल्या दिसतात, असंही सांगत होता.

नमुने आधी दिले असतील, मेंढपाळ रेंगाळला असेल. डोंगरातला माणूस, त्याला काल काय आणि परवा काय. धाकटीनं हे सगळं स्वतःला सांगितलं. फोन ठेवून वळली तर ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आल्यापासून ती पहिल्यांदाच आपल्या पायांनी तिथवर आली होती.

"मला विचारलं असतंस तरी चाललं असतं," ताई म्हणाली. रागावून नाही. उलट जरा प्रेमानंच.

४

ताई सुधारू लागली. गाल भरले, आवाज उघडला, चालताना भिंतीला हात लावायची गरज उरली नाही. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या की म्हणायच्या, बापाच्या सावलीत पोर कशी टवटवीत झाली बघ. ताई दिवसभर बाबांजवळ असायची. त्यांना वाचून दाखवायची, त्यांचे पाय चेपायची. धाकटीला स्वतःच्या मनातल्या कुरकुरीची लाज वाटायची. इतकी वर्षं बाबांचं सगळं मी केलं आणि कौतुक हिचं, असा साधा मत्सर तर नाही ना हा, असं ती स्वतःलाच विचारायची. मत्सर असता तर बरं झालं असतं.

एक दिवस तिच्या कोटाचं काज उसवलं. कोट खाली टेबलावर टाकून ती बाजारात गेली. परत येऊन बघते तर काज भरून तयार. टाके एकमेकांना खेटून, एकसारखे, आणि शेवटाला एक जादा गाठ. ती गाठ बाबांची. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याच्या कामात तिनं ती कधी पाहिली नव्हती.

"बाबा, कशाला डोळे शिणवले?" तिनं विचारलं.

"मी भरलं," ताई म्हणाली.

ताईला साधं बटण लावता येत नसे. बाबांनी तिला शिकवायचा नाद लहानपणीच सोडला होता. ही सुई धरते की विंचू, असं म्हणायचे. धाकटी हसली. कुणी शिकवलं, तिनं विचारलं. बाबांनी, असं ताई सहज म्हणाली.

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर सुई पडली होती, दोरा ओवलेला. ते तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते, जशी आपण परक्या घरातली एखादी वस्तू बघतो; कामाची असणार, पण कशाच्या, ते कळत नाही.

"मी शिकवलं असेल," ते म्हणाले. "आता मला काही आठवत नाही."

आणि ते समाधानानं हसले. धाकटीला भीती वाटली ती त्या हसण्याची.

५

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, रक्त काढून नेलं, परत आले. वयाचं आहे, म्हणाले. तेल संपत आलं की दिवा मंद होतो, त्याला औषध नसतं. धाकटीनं जिन्याखाली त्यांना गाठून हळू आवाजात विचारलं, की जेवणातून कुणी काही देत असेल तर ते तपासात दिसतं का. डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं पुढचं वाक्य गिळलं. तरी त्या दिवसापासून बाबांचं ताट ती स्वतः वाढायची, त्यातला घास आधी स्वतः खायची आणि ते संपेपर्यंत समोर बसायची. बाबा पोटभर जेवायचे. तरीही रोज थोडे कमी व्हायचे.

हात सगळ्यात आधी गेले. रंग काळवंडला, कातडी सैल झाली, बोटं आत वळली. ताईचे हात मात्र भरदार झाले होते, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तिला घट्टा पडला होता. अंगुस्तान घालून वर्षानुवर्षं सुई ढकलली की पडतो तसा.

धाकटी पेटीतल्या रोपाकडे जाईनाशी झाली. चित्र पुरं करायचं म्हणून एकदा तिनं माती बाजूला करून पाहिली होती, आणि पांढरा पंजा तोवर तिच्या अंगठ्याएवढा झाला होता. तिनं माती परत लोटली. रोप हे रोप आहे, ती स्वतःला म्हणाली. वर्षाकाठी असंच होतं, हजारो वर्षं होत आलंय, त्याचा आपल्या घराशी काय संबंध. तर्क बिनचूक होता. फक्त तो करताना तिनं पेटीचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या सकाळी तिनं चहा खाली नेला. बाबांनी मुकाट्यानं कप उचलला आणि प्यायला सुरुवात केली. ताईनं आपला कप तसाच ठेवला.

"मशीन पुसायचं राहिलंय," ताई म्हणाली.

६

दुपारचं घर तिच्या ओळखीचं होतं. बाबांची घोरण्याची बारीक शीळ, ताईनं पान उलटल्याचा आवाज, रस्त्यावरून जाणारी सायकल. त्या दुपारी ती वर रंग कालवत होती आणि तिला जाणवलं की खालून एकच आवाज येतोय. श्वासाचा. मोठा, सावकाश. दोन माणसं झोपली असतील तर असे दोन यायला हवेत. ती ऐकत राहिली. एकच होता.

ती अनवाणी जिना उतरली. खोलीचे पडदे ओढलेले होते, आरशात टेबलाचा एक कोपरा तेवढा दिसत होता. बाबा पलंगावर, ताई खाली गादीवर. दोघंही गाढ झोपेत. दोघांच्या छात्या बरोबर एका वेळी वर जात होत्या आणि बरोबर एका वेळी खाली येत होत्या. ताईचा एक हात वर पलंगावर गेलेला, बाबांच्या पांघरुणाखाली.

हात धरून झोपलेत, धाकटी मनात म्हणाली. त्यात काय. मुलीनं बापाचा हात धरला.

तिनं पांघरुणाचं टोक उचललं.

दोन मनगटं होती, हे तिनं नक्की पाहिलं. त्यांच्या पुढे एक हात कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, ते तिला शोधता आलं नाही. बोटांच्या बेचक्यांतून काहीतरी पांढरं, बारीक, दाट गेलेलं होतं, आणि ते कोरडं नव्हतं. दोरा असेल. शिंप्याचं घर, पलंगावर दोरे सापडायचेच. तिनं टोक खाली सोडलं. खोलीत खडूचा वास नव्हता, गरम कापडाचाही नव्हता. पाणी झिरपणाऱ्या मातीचा होता.

ती वर आली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. मी दोरा पाहिला, ती स्वतःला सांगत होती. आणि उद्या मी बाबांना इथून हलवणार.

७

तपासण्या करायच्या आहेत, असं सांगून तिनं गाडी बोलावली आणि बाबांना हॉस्पिटलात नेलं. ताई अडवेल असं तिला वाटलं होतं. ताईनं अडवलं नाही. दारात उभी राहून बघत राहिली, आणि गाडी सुरू झाली तेव्हा तिचा हात चौकटीवरून घसरला.

हॉस्पिटलात बाबा स्वच्छ, उजेडाच्या खोलीत होते. खिडकी मोठी, नर्स बोलकी, ताई लांब. आता सुधारतील, असं धाकटीला वाटलं. ते सुधारले नाहीत. उलट घरी जे महिन्यात घडलं नव्हतं ते तिथं दिवसात घडू लागलं. ओठ फाटले, डोळ्यांतलं पाणी आटलं. तिकडे शेजारच्या काकूंचा फोन आला, की तुझ्या बहिणीनं अंथरूण धरलंय, पाण्याचा घोट जात नाही, तू तिथं बसून काय करतेयस.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या, त्यांना जिथं बरं वाटतं तिथं असू द्या, एवढंच ते म्हणाले.

धाकटी बाबांच्या उशाशी बसली. एकाला वाचवायला गेलं तर दोघंही जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. कसं कळलं, ते मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या नजरेला ओळख होती.

"मला घरी ने," ते म्हणाले.

"बाबा, ती ताई आहे का?"

त्यांनी बराच वेळ विचार केला, एखादं अवघड कापड बेतताना करायचे तसा.

"पहिल्या दिवशी नव्हती," ते म्हणाले. "आता झालीय. आता अर्ध्यावर नको सोडायला."

८

तिनं बाबांना घरी आणलं. थंडी पडायच्या सुमारास ते गेले. उचलायला आलेल्या दोघा माणसांनी अंदाजानं जोर लावला आणि दोघांचाही तोल गेला, इतके ते हलके झाले होते. काकू म्हणाल्या, सुटले, शांतपणे गेले, मुलीच्या हातात हात देऊन गेले. ताई भिंतीशी उभी होती. ठणठणीत, भरलेली, डोळे सुजलेले. रडणं खरं होतं. धाकटीनं त्यातला खोटेपणा शोधायचा आटोकाट प्रयत्न केला आणि तो तिला सापडला नाही.

सगळे गेल्यावर तिनं ताईला टेबलाशी बसवलं आणि विचारलं, "तू त्यांचं काय काय घेतलंस?"

"कुणी घेत नाही गं," ताई म्हणाली. "मी आले तेव्हा माझ्यात काहीच नव्हतं. भूकसुद्धा नव्हती. मला वाटलं मी मागेन, तेव्हा ते देतील. मागावं लागलं नाही."

"आणि डोंगरावर कोण होतं? मेंढपाळानं कुणाला पाहिलं?"

ताईनं टेबलावरची न दिसणारी खडूची रेघ तळहातानं पुसली. बाबा पुसायचे तशी.

"होती बिचारी," ती म्हणाली. "आता नसेल."

धाकटीनं तिला जायला सांगायचं ठरवलं होतं. पण मग ताई उठली, चहा करून आणला, तिच्या खांद्यावर शाल नीट केली आणि विचारलं, की गारठ्यात वर एकटी कशाला झोपतेस. त्या प्रश्नात बाबांची सगळी माया होती. आई गेल्यावर ज्या आवाजात ते तिला निजवायचे, तो आवाज होता. धाकटी पोरकी झाली होती आणि हे एकच माणूस असं होतं, ज्याच्यात बाबा थोडेफार शिल्लक होते. तिनं आपली गादी खाली आणली.

हिवाळा बरा गेला. तिला झोप चांगली लागायची. पेटीतलं रोप वरून सुकून गेलं होतं. मातीत काय आहे ते तिनं पाहिलं नाही. बर्फ ओसरायच्या आधी संपादकांचा फोन आला. आमरीवरचा मजकूर अगदी डोळ्यांसमोर डोंगर उभा करणारा झालाय, ताईंना सांगा, म्हणाले. तो मजकूर ताईनं लिहिला नव्हता. ताईला अलीकडे पेन धरवत नव्हतं. तो धाकटीनं एका दुपारी, सहज, न अडखळता लिहिला होता. खोपीमागची काळी शिळा, तिच्या डावीकडून उतरणारी पाण्याची धार, घसरड्या वळणावर धरायचं मूळ. धाकटी उभ्या आयुष्यात त्या डोंगरावर गेली नव्हती.

तिनं वळून पाहिलं. ताई खिडकीशी उन्हात बसली होती. शाल तिला मोठी होत होती. हात मांडीवर, बोटं जराशी आत वळलेली, आणि चेहऱ्यावर समाधान.

काकू आताशा रोज यायच्या. ताईसाठी आणलेलं ताईच्या तोंडात जाईपर्यंत हलायच्या नाहीत. जाताना धाकटीच्या भरलेल्या गालांकडे बघायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

९

या वेळी उशीर झालेला नाही, असं धाकटीनं ठरवलं. बाबांच्या वेळी आपण फार उशिरा जागे झालो. आता मीच निघून गेले, लांब गेले, तर ताईचं जे आहे ते ताईजवळ राहील. समुद्राकाठी तिची एक जुनी मैत्रीण राहायची. तिला कळवून तिनं पिशवी भरली. चित्रांचं सामान घेतलं नाही. ताईला सांभाळायला काकूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, बरं झालं म्हणाल्या, आणि ते कशाला बरं झालं हे सांगितलं नाही.

ताई दारापर्यंत आली. कुठं निघालीस, हे तिनं विचारलं नाही.

घरापासून पहिली बस मोठ्या नाक्यापर्यंत जायची. तिथून एक रस्ता समुद्राकडे, एक डोंगराकडे. नाक्यावर ऊन होतं, फळांच्या गाड्या होत्या, माणसं पेंगत होती. जसजसं घर मागे पडलं तसं तिला मोकळं वाटू लागलं होतं. डोकं साफ होतं. तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून तिनं गेल्या वर्षाचा सगळा हिशोब नव्यानं मांडला. म्हातारा बाप वयानं गेला. आजारी बहीण बरी झाली, पुन्हा आजारी पडली. राहिलेला मजकूर आपण तिच्या बोलण्यावरून लिहिला. दोरा हा दोरा होता. सगळं जागच्या जागी बसत होतं.

तिची पाळी आली. तिनं मैत्रिणीच्या गावाचं नाव सांगितलं, पैसे पुढं केले. खिडकीतल्या म्हाताऱ्या माणसानं तिकीट फाडलं, सुटे दिले, आणि मग मान वर करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं.

"या खेपेला लवकर निघालात, बाई," तो म्हणाला. "वर अजून बर्फ असेल."

तिनं तिकिटाकडे पाहिलं. त्यावर डोंगराच्या पायथ्याचं गाव होतं.

दोघी बहिणींत कधीच कुणाची गफलत झाली नव्हती. ताई बाबांसारखी उंच आणि हाडापेरानं रुंद, ही आईसारखी बुटकी आणि गोल चेहऱ्याची. शाळेत तर यांचं नातं शपथ घेऊन सांगावं लागायचं. तुम्ही म्हणताय ती माझी ताई, असं सांगायला धाकटीनं तोंड उघडलं. खिडकीच्या काचेत रांगेतली माणसं दिसत होती. तिच्या मागच्या माणसाचं डोकं तिच्या खांद्याआड झाकलं गेलं होतं.

"एकट्या जाताय," म्हातारा काळजीनं म्हणाला, "वाट निसरडी असेल."

"ओळखीची आहे," ती म्हणाली, आणि हे खोटं आहे असं तिला काही केल्या वाटेना.